बाहुलीला आवाज देताना या चुका टाळा

बाहुली हातात चढली रे चढली की नवशिक्याचा घसा आपोआप आवळतो आणि चिंचिं सुरू होते. उंदीर असो, मूल असो, परी असो, चिंचिं तीच. अस्वल किंवा राक्षस असला तर त्याच घशातून घर्रर्र. एवढ्या दोन आवाजांच्या भांडवलावर अख्खा खेळ उभा करायचा आणि मग तिसरं पात्र आलं की कोण बोलतंय ते कुणालाच कळत नाही.

फक्त पट्टी बदलणं

सगळ्या चुकांची ही आई, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर.

पट्टीवर बेतलेला आवाज टिकत नाही, कारण पट्टी भावनेबरोबर हलते. चिडलेलं अस्वल वर चढतं, घाबरलेला उंदीर कुजबुजत खाली येतो आणि ऐन भांडणात दोघं मधल्या पायरीवर एकमेकांना भेटतात. त्यात बोलणारा दमला की प्रत्येक आवाज घसरत घसरत त्याच्या स्वतःच्या पट्टीवर येऊन बसतो.

आवाजाला पाच कळा असतात: पट्टी, घुमारा (छातीत, तोंडात की नाकात), गती, श्वास आणि उच्चाराची खोड. प्रत्येक पात्रासाठी यांतल्या कोणत्याही दोन बदला, फार तर तीन. पाचही फिरवल्या तर तो आवाज दुसऱ्या दिवशी तुमचा तुम्हालाच सापडणार नाही. परीक्षा सोपी आहे. ‘दार कोणी उघडं ठेवलं?’ हे एकच वाक्य सगळ्या पात्रांच्या आवाजात, पण मुद्दाम एकाच पट्टीत म्हणा. डोळे मिटून ऐकणाऱ्याला पात्रं ओळखू आली नाहीत, तर तुमच्याकडे अजून आवाज नाहीत, नुसत्या उंच्या आहेत.

एका नवख्याने उंदीर, पोपट आणि म्हातारी असे तिन्ही आवाज घसा आवळून वरच्या पट्टीत बसवले होते. खेळ चाळीस मिनिटांचा, दिवसात तीन. पहिला खेळ छान झाला. दुसऱ्यात विसाव्या मिनिटाला म्हातारी आणि पोपट एक झाले. तिसऱ्यात उंदराच्या तोंडून नुसती हवा येऊ लागली आणि उरलेली गोष्ट हातवाऱ्यांवर उरकावी लागली. मुलं हसली, त्यामुळे त्याला वाटलं की निभावलं. पुढचे काही दिवस मात्र त्याला साधं बोलतानाही त्रास होत होता.

लहान आवाज घशात बनवायचाच नसतो, तो तोंडात बनतो. ओठ हसल्यासारखे ताणा आणि ‘ई’ म्हणताना जाते तशी जीभ पुढे-वर न्या. तोंडातली पोकळी आखूड होते आणि पट्टी फारशी न चढवताही आवाज इवलासा वाटतो. मोठ्या प्राण्यासाठी याच्या उलट: ओठ गोल, जबडा सैल आणि जांभईच्या सुरुवातीला होतो तसा घसा मोकळा. स्वरयंत्र खाली उतरतं, पोकळी लांबते आणि खर्ज न लावताही अस्वल तयार होतं. घर्रर्र ही चवीपुरती, वाक्याच्या एखाद्या शब्दावर; सबंध संवाद त्यात म्हणणं म्हणजे घसा खरवडून घेणं.

नवा आवाज पक्का करण्याआधी त्या आवाजात दहा मिनिटं सलग वाचा. मध्ये खोकला आला किंवा टोचलं, तर तो आवाज कितीही गमतीदार असो, सोडून द्या. ‘सवयीने जमेल’ असं म्हणणारे आधी आवाज बसवून घेतात आणि मग उपचारांना जातात.

कळणार नाही असा आवाज

दुसरी लाडकी चूक. आवाज विचित्र करण्याच्या नादात शब्दच हरवतात. बंद नाकाचा आवाज घ्या. सर्दी झालेला हत्ती म्हणून फार मजेशीर लागतो. पण नाकातून हवा गेली नाही की ‘म’चा ‘ब’ होतो आणि ‘न’चा ‘द’. अशाच एका हत्तीच्या खेळात ‘मामा आले’ या वाक्यावर गोष्ट वळायची होती. हत्ती म्हणाला, ‘बाबा आले’. आदल्याच प्रवेशात बाबा परगावी गेल्याचं सांगून झालं होतं. समोरच्या मुलांनी ‘बाबा नाहीत!’ असा गिल्ला केला, हत्ती पुन्हा पुन्हा ‘बाबा, बाबा’ करत राहिला आणि मामाची बाहुली पडद्याआड ताटकळत उभी.

आवाज ठरवला की त्याला कोणती अक्षरं झेपत नाहीत ते आधी तपासा आणि संहिता त्याप्रमाणे बदला. हत्तीला ‘काका’ द्यायचे, एवढंच. फार भरभर बोलणाऱ्या पात्राची जोडाक्षरं गळतात. आणि आवाज न कळणाराच हवा असेल, तर जुन्या खेळांची युक्ती वापरा. राजस्थानी कठपुतळीवाला तोंडात ‘बोली’ नावाची शिट्टी धरतो. ती काय म्हणाली ते शेजारचा ढोलकवाला प्रेक्षकांना सांगतो. इंग्लंडच्या पंच नावाच्या बाहुलीचंही तसंच: त्याच्या चिरक्या बोलण्यातलं कळीचं वाक्य समोरची बाहुली प्रश्नासारखं परत म्हणते.

शब्दभ्रम, म्हणजे स्वतःचे ओठ न हलवता बाहुलीला बोलतं करण्याची कला, करणाऱ्यांनी ओठ मिटावे लागतात ती प, फ, ब, भ, म ही अक्षरं निदान बाहुलीच्या नावात तरी ठेवू नयेत. ‘बंब्या’ नाव ठेवून मग ओठ हलतात म्हणून रडत बसायचं, याला इलाज नाही.

खुर्चीत बसून केलेला सराव

खुर्चीत, टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसवलेला आवाज पडद्यामागे गेला की बदलतो. हात डोक्यावर ताणलेला, मान वाकडी, एका बाजूच्या बरगड्या ओढलेल्या, श्वास निम्मा. म्हणून पहिल्या दिवसापासून हात वर करून आणि हातात बाहुली घालून सराव करा. सात-आठ शब्दांपेक्षा लांब वाक्य असेल तर त्यात श्वासाची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा. ही खूण करायचा कंटाळा येणारे लोक वाक्याच्या शेवटी हमखास स्वतःच्या आवाजात सापडतात.

तोंड आणि शब्द यांची फारकत

बाहुलीचा जबडा अंगठ्याने खाली जातो. वरची चार बोटं स्थिर. चारही बोटं उचललीत तर डोकं मागे पडतं आणि बाहुली छताशी बोलते. तोंड उघडायचं ते स्वरावर. ‘आगगाडी’ला आग-गा-डी असं तीनदाच, कारण मधल्या ‘ग’ला स्वर नाही. अक्षरं मोजून चारदा उघडलंत की तोंड शब्दाच्या मागे पडतं. मोठ्या स्वराला मोठं, ‘इ-उ’ला थोडं.

बाकीच्या, पटापट

आवाज फक्त साध्या बोलण्यात बसवणं. हसणं, रडणं, ओरडणं, कुजबुजणं आणि शिंक या पाचही गोष्टी त्या आवाजात करून ठेवा; मुखवटा गळतो तो नेमका हसताना.

आवाज लक्षात राहील असं समजणं. राहत नाही. प्रत्येक पात्राचं एक किल्लीचं वाक्य ठरवा, ते म्हटलं की आवाज जागेवर यावा. वहीत कळा लिहा आणि मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण ठेवा. स्वतःच्या कानावर विसंबू नका: आपला आवाज आपल्याला हाडांतूनही पोचतो, म्हणून तो आहे त्याहून भरदार भासतो.

ओळखीच्या नटाची किंवा व्यंगपटातल्या पात्राची नक्कल. लोक बाहुली बघायचं सोडून मूळ कोण ते ओळखत बसतात.

विनोदासाठी उसनी बोली किंवा तोतरेपणा. आळशी युक्ती आहे, आणि ज्याचं बोलणं तसं आहे तो समोर बसलेला असतो.

आवाज बदलणारं अ‍ॅप. मुद्रणाला ठीक, समोरासमोरच्या खेळात बोलणं आणि जबडा यांत उशीर पडतो.

दोन बाहुल्यांच्या संवादात श्वास न घेता आवाज बदलणं. दुसरी बाहुली आधी पहिलीकडे वळू द्या, मग बोलू द्या. त्या वळण्यात तुम्हाला घसा बदलायला वेळ मिळतो.

आठवड्यात सहा आवाज. एका पात्राला एक आठवडा द्या, आणि पुढचं घेण्याआधी मागच्याचं किल्लीचं वाक्य झोपेतून उठल्या-उठल्या म्हणून बघा.