छातीचा फोटो हातात आला, आता बघायचं कुठून?

कोल्हापुरात राजारामपुरीत एक्स-रे सेंटरच्या पायरीवरच पाकीट उघडून फिल्म उन्हाकडं धरणारी माणसं रोज दिसतात. "डाग हाय काय बघ की," हा पहिला प्रश्न. डाग शेवटी बघायचा.

आधी नाव, तारीख आणि कोपऱ्यातलं 'आर' किंवा 'एल' अक्षर. पेशंट आपल्याकडं तोंड करून उभा आहे असं धरून फोटो बघतात, म्हणून 'आर' आपल्या डाव्या हाताला यायला हवं. मग श्वास. पूर्ण भरला असेल तर छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात. अर्धवट श्वासात खालची फुप्फुसं उगाच पांढुरकी दिसतात आणि घरच्यांची झोप उडते.

हवा काळी, हाड पांढरं, पाणी आणि मांस त्यांच्या मधलं. निरोगी फुप्फुस काळं, त्यात रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या. आता वरून खाली उतरत दोन्ही बाजू ताडून बघा.

न्यूमोनियात एखादा भाग कापूस ठासल्यासारखा पांढरा होतो. फुप्फुसाभोवती पाणी झालं की बरगडी आणि पडदा मिळतात तो टोकदार कोपरा बोथट होतो. उभ्यानं काढलेल्या फोटोत त्यासाठी साधारण 200 मिली पाणी लागतं. कडेला नुसतं काळं, फांद्या गायब आणि फुप्फुसाची रेघ आत सरकलेली असेल तर फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असू शकते. दम लागत असेल तर फोटो बघत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. दम्यात मात्र फोटो बऱ्याचदा स्वच्छच येतो.

टीबीचे डाग बहुधा वरच्या भागात, कधी मध्ये पोकळी. पण बरा झालेला टीबीही व्रण ठेवतो, त्यामुळं थुंकीची तपासणी टळत नाही.

आपल्याकडं आणखी एक घोळ. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, वाळूची धूळ खाल्लेल्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला बारीक दाणे दिसतात. ती सिलिकोसिस, टीबीसारखीच भासते, शिवाय टीबीचा धोकाही वाढवते. फॉर्मवर नुसतं 'नोकरी' लिहिलेलं असतं, त्यातून डॉक्टरांना काय कळणार? "बारा वर्षं फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला आहे," असं तोंडानं सांगा.

आणि कपाटावरचा जुना फोटो बरोबर न्या. दोन वर्षांपूर्वीही डाग तिथंच आणि तेवढाच होता हे दिसलं, की डॉक्टरांचा सूरच बदलतो.