चौथ्या मितीतली मोठी कोडी सॉफ्टवेअरवर सोडवताय? या चुका टाळा

४×४×४×४ च्या, म्हणजे चार मितींतल्या, दर दिशेला चार थर असलेल्या रुबिक क्यूबच्या, शेवटच्या टप्प्यात माझे फक्त १६ चाररंगी तुकडे उरले होते. तीन संध्याकाळी मी एकच तुकडा जागेवर बसवायचा प्रयत्न करत होतो. दर वेळी दोन रंग बरोबर यायचे आणि उरलेले दोन एकमेकांच्या जागी असायचे. चालींचा क्रम चुकतोय म्हणून मी तो पुन्हा तपासला, मग सॉफ्टवेअरवर संशय घेतला. खरी चूक कितीतरी आधी, पहिल्याच टप्प्यात झाली होती. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण ती करणारे पुष्कळ आहेत आणि ती दिसते तेव्हा बहुतेक काम होऊन गेलेले असते.

साधा रुबिक क्यूब ज्यांना येतो त्यांना चार मितींच्या क्यूबवर जाताना वाटते की अडचण क्रम पाठ करण्याची असेल. तसे नसते. नव्या क्रमांची गरज थोडीच पडते. माणूस अडतो तो दोन ठिकाणी: आपण कुठे आहोत हे हरवते तिथे, आणि तीन मितींतले नियम डोळे झाकून वापरले जातात तिथे.

आकड्यांचा अंदाज न घेता उडी मारणे

३×३×३×३ मध्ये ८ सेल असतात, म्हणजे साध्या क्यूबच्या ६ बाजूंच्या जागी ८ छोटे घन, आणि प्रत्येकावर २७ स्टिकर. एकूण २१६ स्टिकर आणि ८० तुकडे: ८ एकरंगी, २४ दोनरंगी, ३२ तीनरंगी, १६ चाररंगी. शक्य अवस्थांची संख्या १२१ अंकी आहे; साध्या क्यूबची २० अंकी असते. ४×४×४×४ वर तुकडे २४० होतात, ५×५×५×५ वर ५४४. १२० सेलच्या कोड्यात, ज्यासाठी मॅजिक१२०सेल हे सॉफ्टवेअर आहे, २,६४० तुकडे आणि ७,५६० स्टिकर असतात. त्यातले १२० मधले तुकडे सोडले तर २,५२० तुकडे जागेवर न्यायचे. तुकड्यामागे ३० चाली धरल्या तरी हिशोब ७५ हजारांच्या पुढे जातो.

म्हणून आधी मॅजिकक्यूब४डी मध्ये ३×३×३×३ घ्या. डॉन हॅच आणि मेलिंडा ग्रीन यांनी घडवलेले हे सॉफ्टवेअर नवख्याला शिकायला चांगले आहे, कारण त्यात एक-दोन चालींचेच मिश्रण करता येते. दोन चाली बिघडवा आणि ‘अनडू’ न वापरता परत आणा. मग तीन. हे पोरखेळ वाटते, पण डोळा इथेच तयार होतो. तीन चाली उलगडता येत नसतील तर पूर्ण मिश्रणाला हात लावू नका.

दिसणारे रंग मोजून तुकडा ओळखणे

पडद्यावर ७ सेल दिसतात: एक मध्ये, सहा भोवती. आठवा आपल्या सर्वांत जवळ असतो आणि म्हणूनच काढलेला नसतो. तो दाखवला तर बाकी सगळे झाकले जाईल. हे सगळे वाचतात आणि सोडवायला बसले की विसरतात.

मग होते असे. तुम्ही तुकड्यावर माऊस नेता, दोन स्टिकर उजळतात आणि तुम्ही त्याला दोनरंगी समजता. त्याचा तिसरा रंग लपलेल्या सेलवर असतो. तुकड्याचा प्रकार रंग मोजून ठरवू नका, स्टिकर आपल्या सेलमध्ये कुठे बसला आहे ते पाहा. ३×३×३×३ मध्ये सेलच्या एखाद्या बाजूच्या मधोमध असेल तर दोनरंगी, कडेच्या मधोमध असेल तर तीनरंगी, कोपऱ्यात असेल तर चाररंगी. ही सवय लागली की अर्धा गोंधळ संपतो.

एकरंगी तुकड्यांचे मात्र यानेही भागत नाही. ४×४×४×४ वर लपलेल्या सेलच्या पोटात ८ एकरंगी तुकडे असतात आणि ५×५×५×५ वर २७. ते अजिबात दिसत नाहीत. एखादा रंग शोधून सापडत नसेल तर भोवतालचा एखादा सेल मध्ये आणा, म्हणजे लपलेला दिसू लागेल. कंट्रोल दाबून क्लिक केले की तो सेल मध्यभागी येतो आणि दृश्य बदलते.

चुकीच्या स्टिकरवर क्लिक

३×३×३×३ मध्ये सेलच्या बाजूच्या मधल्या स्टिकरवर क्लिक केले तर सेल ९० अंशांत फिरतो, कडेच्या स्टिकरवर १८० आणि कोपऱ्यावरच्या स्टिकरवर १२०. ही तिन्ही स्टिकर शेजारीशेजारी असतात. फिरण्याचा वेग जास्त ठेवला असेल तर चुकून १२० अंशांची चाल गेली तरी लक्षात येत नाही, आणि पुढच्या दहा चालींनंतर सगळे विस्कटलेले दिसते. वेग कमी ठेवा. स्टिकरांचा आणि सेलचा आकार कमी करणारे स्लायडर असतात. स्टिकर थोडे लहान केले की मधली फट वाढते आणि नेम चुकत नाही.

मोठ्या कोड्यांत याच्या जोडीला थर निवडणे येते. आतला थर फिरवायचा असेल तर क्लिक करताना त्याचा आकडा दाबून धरायचा. बोट अर्धा क्षण आधी उचलले गेले की बाहेरचा थर फिरतो. दर चालीनंतर जे हलायला हवे होते तेच हलले का, एवढे पाहायची शिस्त लावून घ्या. कीबोर्डवर हात बसलेल्यांना हायपरस्पीडक्यूब सोयीचे वाटेल; त्यात सेल पकडण्याच्या आणि फिरवण्याच्या कळा वेगळ्या असतात आणि नको ते तुकडे फिल्टरने लपवता येतात. हे फिल्टर जरूर वापरा. ५४४ तुकड्यांत एक तीनरंगी तुकडा नुसत्या डोळ्यांनी हुडकणे म्हणजे कष्ट वाया घालवणे.

पहिल्या तुकड्यापासून मॅक्रो

मॅक्रो, म्हणजे एकदा रेकॉर्ड करून हवा तिथे पुन्हा चालवता येणारा चालींचा क्रम, शिकला की माणूस सगळीकडे मॅक्रोच लावतो. सुरुवातीला बहुतेक कोडे मोकळे असते, काहीही बिघडले तरी चालते. तिथे दोन-तीन चालींत बसणारा तुकडा वीस चालींच्या मॅक्रोने बसवू नका. दोनरंगी, मग तीनरंगी, मग चाररंगी असा क्रम घेतला तर दोनरंगी तुकड्यांचा मोठा भाग हाताने होतो. मॅक्रो खरा लागतो तो शेवटी.

आणि तो स्वतः बनवा. दुसऱ्याचा तयार घेतला तर तो अडल्यावर काय करायचे हे कळत नाही. कल्पना सोपी आहे: एक क्रम ‘क’, दुसरा ‘ख’, आणि दोघेही ज्या जागेला हात लावतात अशी जागा एकच. ‘क’ करा, ‘ख’ करा, ‘क’ उलटा, ‘ख’ उलटा. बाकी सगळे जागच्या जागी येते आणि फक्त तीन तुकडे आपापसांत फिरतात. यालाच कम्युटेटर म्हणतात, आणि कितीही मोठे कोडे असले तरी तो कामाला येतो. सुटलेल्या कोड्यावर रेकॉर्ड करा आणि तीनदा चालवा. तिसऱ्यांदा कोडे पूर्ववत झाले तर मॅक्रो बरोबर. नाही झाले तर ‘क’ आणि ‘ख’ आणखी कुठेतरी एकमेकांत अडकत आहेत.

मॅक्रो चुकीच्या जागी चालण्याचे मुख्य कारण संदर्भाच्या स्टिकरांची, म्हणजे तो कुठे चालवायचा हे दाखवणाऱ्या स्टिकरांची, निवड. चार मितींत तीन दिशा पक्क्या झाल्या की चौथी आपोआप ठरते, ती आपल्या हातात राहत नाही. त्यामुळे तुम्हाला हवे असलेले तीन तुकडे मूळ मांडणीच्या आरशातल्या प्रतिमेसारखे असतील तर तोच मॅक्रो कसाही फिरवून त्यांच्यावर बसणार नाही. त्याची आरशातली जोडी वेगळी रेकॉर्ड करून ठेवा आणि दोघांना ओळखता येतील अशी नावे द्या. ‘मॅक्रो ७’ कशासाठी होता हे महिन्याभराने कुणालाच आठवत नाही. ‘तीनरंगी चक्र, डावे’ आठवते.

तुकडे सोयीच्या जागी आणायला आधी दोन-तीन चाली करतो त्या नंतर उलट क्रमाने काढायच्या असतात. इथे सगळ्यांत जास्त काम बिघडते. मॅक्रो नीट चालला, तुकडे बसले, त्या आनंदात मागच्या चाली राहून जातात. मी त्या कागदावर लिहितो आणि काढली की खोडतो.

‘हे अशक्य आहे, सॉफ्टवेअर बिघडले’

नाही, बिघडलेले नसते. साध्या क्यूबवर एकच कोपरा जागेवर फिरलेला दिसला तर आपण म्हणतो, कुणीतरी क्यूब उघडून चुकीचा जोडला. तोच नियम इथे लावला की माणूस सुटणारे कोडे सोडून देतो.

३×३×३×३ मध्ये सगळे सुटले आणि एकच तीनरंगी तुकडा जागेवर १२० अंशांत फिरलेला राहिला, तर ते पूर्णपणे शक्य आहे. एकट्या तीनरंगी तुकड्यावर फक्त दोन रंगांची अदलाबदल मात्र शक्य नाही. दोन तीनरंगी तुकड्यांवर मिळून ती होऊ शकते, कारण तीनरंगी तुकडा चौथ्या मितीतून उलटा होऊ शकतो, डाव्या हाताचा मोजा उजव्या हाताचा व्हावा तसा. चाररंगी तुकड्याला ही सवलत नाही. त्याच्या चार रंगांच्या २४ मांडण्यांपैकी १२ च मिळतात, उरलेल्या १२ आरशातल्या. एकटा चाररंगी तुकडा दोन-दोन रंगांच्या जोड्या एकदम बदललेला राहू शकतो, पण त्याचे तीन रंग चक्राने फिरलेले आणि बाकी सगळे बरोबर, असे होत नाही. एकटा दोनरंगी तुकडा उलटा राहणे हेही अशक्य.

हा हिशोब एच. जे. कॅमॅक आणि टी. आर. कीन यांनी १९८२ मध्येच मांडला होता. याचा उपयोग असा: अशक्य यादीतले काही दिसले तर आधी लपलेला सेल समोर आणा. बहुतेक वेळा तिथे दुसरा तुकडा चुकलेला असतो. नसेल तर दोन जवळचे रंग एकच समजून वाचलेत का पाहा, आणि रंग बदलून घ्या.

४×४×४×४ वर यादी बदलते. तिथे आपण एकरंगी तुकड्यांचे ८-८ चे, दोनरंगींचे ४-४ चे गट आणि तीनरंगींच्या जोड्या करून ते ३×३×३×३ सारखे सोडवतो. तेव्हा एकटा दोनरंगी गट उलटा राहू शकतो, किंवा फक्त दोन तीनरंगी जोड्या एकमेकींच्या जागी येऊ शकतात. लहान कोड्यावर दोन्ही अशक्य, इथे दोन्ही रास्त, कारण गट आतून सुटे तुकडेच असतात. ३×३×३×३ चे क्रम लावत बसू नका; गटातले तुकडे सुटे धरून तीन-तीनच्या चक्रांनी हलवा.

आणि ती पहिल्या टप्प्यातली चूक

३×३×३×३ आणि ५×५×५×५ मध्ये प्रत्येक सेलच्या केंद्राचा एकरंगी तुकडा असतो. ही केंद्रे एकमेकांच्या संदर्भात हलत नाहीत, म्हणून कोणता रंग कुठे हे ती सांगतात. ४×४×४×४ ला अशी केंद्रे नाहीत. रंगांची जागा तुम्हीच ठरवायची.

समोरासमोरचे रंग ओळखणे सोपे: जे दोन रंग कोणत्याही चाररंगी तुकड्यावर एकत्र दिसत नाहीत ते समोरासमोर. मी चारही जोड्या अशा काढल्या, गट बांधले आणि निश्चिंत झालो. पण एका जोडीतले दोन रंग उलट टोकांना गेले होते. जोड्या बरोबर, मांडणी आरशातली. त्रास असा की दोनरंगी गट बसतात, तीनरंगी जोड्याही बसतात, कुठेही काही खटकत नाही. चाररंगी तुकडे आले की मग एकही बसत नाही, कारण प्रत्येकाला आरशातली मांडणी हवी असते आणि ती त्याला घेता येत नाही.

दुरुस्ती करायची म्हणजे त्या दोन रंगांचे एकरंगी गट बदलायचे, २४ पैकी १२ दोनरंगी गट आणि ३२ पैकी २४ तीनरंगी जोड्या पुन्हा करायच्या. मी केले ते, पण तुम्हाला करावे लागू नये.

उपाय पाच मिनिटांचा आहे. आठ एकरंगी गट बांधून झाले की, दुसरे काही करण्याआधी, एक चाररंगी तुकडा त्याच्या जागी न्या आणि चारही रंग जुळवून पाहा. जुळले तर मांडणी खरी. दोन जुळून दोन अदलाबदल राहिले आणि कसेही फिरवून तेच होत असेल, तर आत्ताच एका जोडीतले दोन एकरंगी गट एकमेकांच्या जागी टाका. या टप्प्यावर दुसरे काही बांधलेले नसते, त्यामुळे काही मोडत नाही.

फाइलबद्दल एवढेच: प्रत्येक टप्पा संपला की नवीन नावाने सेव्ह करा, जुन्यावर लिहू नका, आणि मॅक्रोच्या मध्यात कधीही उठू नका. आणि ती पाच मिनिटांची तपासणी मी वेळेवर केली असती, तर त्या तीन संध्याकाळींनंतर निम्मे कोडे पुन्हा बांधावे लागले नसते.