'डिस्को दीवाने'ची एलपी घेताय? आधी उन्हात तिरकी धरा

पाकिस्तानी पॉप गायिका नाझिया हसन म्हटलं की लोक हसतात, अजून हे ऐकतोस का म्हणून. हसू देत. १९८० च्या 'कुर्बानी'तल्या 'आप जैसा कोई'नंतर लगेच १९८१ ला हा अल्बम आला, गायला नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब, म्युझिक बंगळुरूहून लंडनला गेलेल्या बिद्दूचं. चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नशीब असेल तर एचएमव्हीची कॉपी अजून मिळते.

कव्हर बघून पैसे देऊ नका, रेकॉर्ड बाहेर काढायला लावा. माझं झालंय, कव्हरवर नाझिया आणि घरी येऊन बघतो तर आत भजनं. उन्हात तिरकी धरली की ओरखडे दिसतात. बारीक केसासारखे चालतात, पण नखाला अडकला की समजा तिथे पिन उडी मारणार. डोळ्यासमोर आडवी धरून वाकलीय का तेही बघा.

बुरशीला घाबरू नका, बहुतेक वेळा धुऊन जाते. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब, मऊ कापड, आणि खाचांच्या दिशेनेच गोल पुसायचं, लेबल भिजू द्यायचं नाही. मग नुसत्या पाण्याने परत पुसा आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी सुकवा, सावलीत हां.

सुटकेसवाले स्वस्त प्लेअर शक्यतो टाळा, त्यांची पिन फार जड बसते, चांगल्या कार्ट्रिजला, म्हणजे पिन बसवलेल्या भागाला, दोनेक ग्रॅम वजन पुरतं. प्लेअर अॅम्प्लिफायरला जोडल्यावर आवाज अगदी बारीक आणि बेस गायब असेल तर बिघाड नाहीये, फोनो प्रीअॅम्प राहिलाय. रेकॉर्ड बनवतानाच बेस दाबून ट्रेबल वाढवलेला असतो, ते परत जागेवर आणायचं काम त्याचं, आणि डिस्को बेसशिवाय म्हणजे बिनमिठाची आमटी.

आता ऐकायचं. टायटल साँगपासून सुरू करू नका. माझ्या कॉपीत तेवढ्या गाण्याच्या खाचांचा पट्टा करडा पडलाय, कोणाकोणाच्या पार्ट्यांत घासून घासून, लावला की नुसती खरखर. शेजारचे पट्टे मात्र काळेभोर, चकचकीत, चाळीस वर्षांत कोणी लावलेच नाहीत बहुतेक. तिथे पिन ठेवा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचा तो किंचित नाकातला आवाज एकदम स्वच्छ येतो, शेजारच्या खोलीत गुणगुणत असल्यासारखा.