घोड्याच्या दावणीला कुत्रं रुळवताना

दिवाळीनंतर माण-खटाव, आटपाडीकडचे मेंढक्यांचे वाडे, म्हणजे कळपासकट निघालेली बिऱ्हाडं, चाऱ्यासाठी बाहेर पडतात. तेव्हा रस्त्याकडेला थांबून एकदा नीट बघा. घोड्याच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड लादलेलं, भांडी, वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), वर कोंबड्या. शेजारून चाललेलं कुत्रं त्या घोड्याकडं ढुंकूनही बघत नाही, आणि घोडाही त्याच्यापायी कान हलवत नाही. पागेवर आपल्याला हेच हवं असतं. हौशी लोक पहिल्या दिवशीच दोघांची नाकाला नाक लावून फोटो काढायला जातात आणि लाथ बसते. घोडा म्हणजे मुळात शिकार होणारं जनावर. त्याच्या लेखी अनोळखी कुत्रं म्हणजे लांडगाच. म्हणून आधी कुत्र्याला घोड्याचा कंटाळा येऊ द्या, जवळीक नंतर.

कुत्रं कुठलं, यावर बरंच अवलंबून असतं. कारवान पळत्या वस्तूमागं सुटतो, ते त्याच्या रक्तातच आहे. जर्मन शेफर्ड घोड्याच्या टाचांकडं झेपावतो, कारण जनावरं वळवणं हेच त्याचं मूळ काम. मळ्यावर गुरांत वाढलेलं गावठी पिल्लू सगळ्यांत सोपं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, तेव्हा कुत्र्याची निष्ठा सातारकरांना वेगळी सांगायला नको. पण ती निष्ठा मालकाशी असते. घोड्यानं लाडानं तुम्हाला डोक्यानं ढोसलं तरी कुत्रं त्याच्या अंगावर जाऊ शकतं, हे ध्यानात ठेवा. घोडाही वयस्क आणि शांत निवडा. पायाशी शिंगरू असलेल्या घोडीजवळ नवं कुत्रं अजिबात नेऊ नका.

पहिला आठवडा फक्त वासाचा. खरारा करताना निघालेले केस गोणपाटाला चोळा आणि ते गोणपाट कुत्र्याच्या झोपायच्या जागी टाका. कुत्र्याखालचं फडकं घोड्याला लांबून हुंगू द्या. त्याच दिवसांत ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’, ‘इकडं ये’ पक्कं करून घ्या. समोरून मांजर पळालं तरी ‘थांब’ला थांबत नसेल, तर ते कुत्रं अजून पागेवर न्यायच्या लायकीचं झालेलं नाही.

मग कुंपणाबाहेरून सुरुवात. अंतर 50-60 फूट, सहा फुटी पट्टा, माणसं दोन: एक कुत्र्याशी, एक घोड्याशी. वेळ दहा मिनिटं, जास्त नाही. कुत्र्यानं घोड्याकडं बघून मान तुमच्याकडं वळवली की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. टक लावून बघत असताना काही देऊ नका, नाहीतर टक लावण्याचंच बक्षीस मिळतं. रोज पाच-दहा फूट पुढं सरका. बिघडलं तर वीस फूट मागं या. कुणाला आठ दिवस लागतात, कुणाला महिना.

बिघडायच्या आधीची खूण ओळखता यायला हवी. हाहा करणारं तोंड अचानक मिटतं, शेपूट जागच्या जागी थांबते, पुढचा एक पाय अर्धवट उचलला जातो. कुत्र्याला परत बोलवायचं ते या क्षणी. झेप घेतल्यावर ओरडून उपयोग नाही. घोड्याच्या मागच्या पायातही असाच फरक असतो. खुराचं टोक जमिनीला टेकलेलं, त्या बाजूचा पुठ्ठा खाली आलेला आणि खालचा ओठ सैल, म्हणजे घोडा विसावलाय. तोच पाय उचललेला, कान मानेला चिकटलेले आणि शेपटीचे फटके चालू असतील, तर लाथ येतेय.

प्रत्यक्ष भेटीला घोडा आगाडी-पिछाडीनं, म्हणजे पुढच्या-मागच्या दोरांनी, जखडलेला नको. त्याला मागं सरायला जागा नसली की तो लाथ तरी मारतो, नाहीतर दावं तोडतो. मोरकीचा (तोंडावर बांधलेल्या दाव्याचा) दोर माणसाच्या हातात सैल असू द्या. कुत्र्याला खांद्याच्या बाजूनं आणा, कारण घोड्याला कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. मान खाली घालायची की नाही हे घोड्याला ठरवू द्या. तीन सेकंद हुंगलं की कुत्र्याला बाजूला घ्या. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, ही म्हण कुत्र्यालाही लागू: मागून निदान दहा फूट अंतर. तोंडाला तोबरा (दाण्याची पिशवी) चढवला असेल तेव्हा कुत्रं दावणीपाशी नकोच.

लाथेइतकाच धोका औषधांचा आहे, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. जंतासाठी घोड्याला आयव्हरमेक्टिनची पेस्ट किलोमागं 0.2 मिलिग्रॅम देतात, म्हणजे 400 किलोच्या घोड्याला 80 मिलिग्रॅम. घोड्यानं त्यातला दहावा हिस्सा थुंकला तरी 8 मिलिग्रॅम जमिनीवर पडतं. चार किलोच्या पिल्लाला तेवढ्यानं विषबाधा होते. कोली जातीच्या कुत्र्यांना तर त्याहून कितीतरी कमी पुरतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, झोकांड्या, लाळ, थरथर दिसली तर रिकामी नळी घेऊन थेट डॉक्टर गाठा. औषध लिदीतूनही उतरतं, म्हणून पुढचे चार-पाच दिवस लीद लगेच उचला. उलट बाजूही आहे: कुत्र्याच्या आणि गुरांच्या गोचिडांसाठी वापरतात ते अमिट्राझ घोड्याला कधीच लावू नये. त्याची आतडी थंडावतात आणि पोटशूळ उठतो.

नालबंद येईल त्या दिवशी कुत्रं बांधून ठेवा. खुराच्या कातरणीवर सगळी कुत्री तुटून पडतात, पण मोठा तुकडा आतड्यात अडकतो आणि सोबत जुना खिळाही पोटात जातो. रेबीजची लस कुत्र्याला दरवर्षी, आणि घोड्यालाही डॉक्टरांना विचारून. घोड्याला कुत्रं चावलं तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. रेबीजइतकीच धनुर्वाताचीही लस बघा, घोडा धनुर्वाताला फार नाजूक. घोड्याला गिळता येत नसेल तर रेबीजची शंका धरा, त्याच्या तोंडात हात घालू नका.

स्वारीला कुत्रं न्यायचं तर ते दीड वर्षाचं होऊ द्या. आधी हाडं भरू देत. सुरुवात एक-दोन किलोमीटर, तेही कदम चालीनं. पट्टा खोगिराला बांधायचा नाही. कुत्रं घोड्याच्या खांद्याच्या रेषेत, चार-पाच हात बाजूला, त्याला दिसेल असं चाललं पाहिजे. उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही टिकत नाहीत. पाचगणीच्या टेबल लँडवर किंवा गावाबाहेर भटकी कुत्री अंगावर आली तर टाच मारून पळवू नका, पळत्यामागं ती सुटणारच. घोडा थांबवा, तोंड त्यांच्याकडं वळवा, आवाज चढवा. बहुतेक वेळा ती मागं हटतात.

रात्री कुत्रं तबेल्याबाहेर साखळीला बांधू नका. कऱ्हाड, पाटण, शिराळ्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्या पहिल्यांदा बांधलेलं कुत्रंच उचलतो. तबेल्यातच जाळीचा आणि छताचा कोपरा करून त्यात गोणपाट टाका. कोपरा अशा बाजूला हवा, की मान वळवली की घोड्याला कुत्रं दिसेल, पण लाथ पोचणार नाही.