व्हिएन्नाच्या थंडीत खाणं-पिणं

डिसेंबरात व्हिएन्नाला जात असाल तर पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. तिथल्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, तेही 1873 पासून. रस्त्यावरचे पिण्याच्या पाण्याचे नळ मात्र हिवाळ्यात बंद असतात, म्हणून सकाळी हॉटेलातूनच बाटली भरून निघा. थंडीत तहान जाणवत नाही, तरी घोट घोट पीत राहा.

ख्रिसमस बाजारातली ग्लूवाइन म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन. मुलांसाठी किंवा मद्य न घेणाऱ्यांसाठी ‘किंडरपुन्श’ मागा. मगासाठी अनामत घेतात. तो परत केला की पैसे परत मिळतात.

शाकाहारी मंडळींनी सूपची चौकशी नक्की करावी. ‘फ्रिटाटेनझुप्पे’त वरून नुसत्या धिरड्याच्या पट्ट्या दिसतात, पण खालचं पाणी बहुधा गोमांसाचं असतं. त्यापेक्षा भाजलेले गरम चेस्टनट, म्हणजे ‘मारोनी’, घ्या. हातही शेकतात!

रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात. शनिवारी दुपारीच ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा. राहिलंच, तर मोठ्या रेल्वे स्थानकातली दुकानं उघडी असतात.