मोबाइलवरच्या ऑम्निकॉर्डने भजनाला साथ कशी करावी

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या भजनात पेटीवाले काका आले नाहीत की मी फोनवर ऑम्निकॉर्डचं अ‍ॅप उघडतो. मूळ वाद्य जपानमधल्या वाद्यं बनवणाऱ्या सुझुकी कंपनीचं, १९८१ सालचं. डाव्या हाताने कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचं, बटण दाबायचं आणि उजव्या बोटाने स्क्रीनवरच्या स्पर्शपट्टीवरून घसरत जायचं. दाबलेल्या कॉर्डचेच स्वर वाजतात, म्हणून नवख्यालाही बेसूर व्हायची भीती नाही.

आधी फोन तयार करा. फोन आडवा धरा, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि तीन बोटांनी स्क्रीनशॉट निघण्याची सोय बंद करा, नाहीतर दोन-तीन बटणं एकदम दाबली की सूर तुटतो. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज किंचित उशिरा येतो आणि टाळ पुढे निघून जातात. म्हणून बर्डीच्या बाजारातून साधी ऑक्स वायर आणि फोनला लागत असेल तर टाइप-सी कनेक्टर आणा. उन्हाळ्यात गच्चीवर भजन असेल तर जवळ रुमाल ठेवा. घामेजलं बोट पट्टीवर अडकतं.

आता बटणं. कॉर्डच्या तीन प्रकारांच्या तीन ओळी: वरची ओळ मेजरची, मधली मायनरची, खालची सेव्हन्थची. आडवा क्रम सा-रे-ग-म असा नाही. कुठल्याही बटणाला सा माना: उजवीकडचं शेजारी प, डावीकडचं म. पेटीची पांढरी एक म्हणजे सी. तिच्या डावीकडे एफ, उजवीकडे जी. बहुतेक साध्या चाली या तीन बटणांत बसतात. पहिले दोन दिवस हे तीनच फिरवा, बोटांकडे न बघता.

अडचण काळी एकची, म्हणजे डी फ्लॅटची. आमच्याकडे पुष्कळ पुरुष याच पट्टीत गातात. पण बारा स्तंभांच्या मांडणीत डी फ्लॅट अगदी डाव्या टोकाला आहे, त्यामुळे त्याचा म थेट उजव्या टोकाला जातो. हात ताणू नका. अ‍ॅपमध्ये ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय, असेल तर एक पायरी वर करा आणि सीवरूनच वाजवा.

रागातली चाल असेल तर कॉर्ड जपून निवडा. भूपात म आणि नी नाहीत, म्हणून म आणि प या दोन्ही मेजर कॉर्ड वर्ज्य. सा मेजर आणि ध मायनर एवढ्यावर चाल सुंदर चालते. ध मायनर म्हणजे सीपासून उजवीकडे तिसरा स्तंभ, मधली ओळ. यमनला डावीकडचा शुद्ध म नको. तिथे सा, प आणि त्यापुढचा रे मेजर घ्या, कारण रे मेजरमध्ये तीव्र म आपोआप येतो. ही जागा सापडली त्या रात्री मी तासभर तेवढंच वाजवत बसलो होतो.

ठेक्याचं बटण एकट्याच्या रियाजापुरतं. तीन मात्रांच्या वॉल्ट्झच्या दोन फेऱ्यांत दादरा बसतो, रॉकच्या चार ठोक्यांवर केरवा मोजता येतो. मंडळात मात्र ते बंदच ठेवा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांत खंजिरी लय वाढवत नेते, यंत्राचा ठेका तिच्यामागे जात नाही.

गायक ओळ गात असताना पट्टीला हात लावू नका. कॉर्ड हलकेच धरून ठेवा. तो श्वास घेईल तेव्हा खालून वर एकदाच बोट फिरवा.