समोरच्या गाडीने डिपर दिला तर : घाटात आणि अरुंद रस्त्यावर काय करावे

समोरून येणाऱ्या गाडीने दोनदा डिपर दिला, म्हणजे पुढचा मोठा दिवा क्षणभर लावून विझवला, तर त्याचे निदान पाच अर्थ निघू शकतात. पुढे दरड आली आहे, झाड पडले आहे किंवा वळणापलीकडे ट्रक बंद पडला आहे, असे तो चालक सांगत असेल. 'अरुंद जागेत मी आधी शिरतो आहे, तू थांब' असे बजावत असेल. आपला दिवा अप्परवर, म्हणजे दूरच्या प्रखर झोतावर, राहिला आहे हे लक्षात आणून देत असेल. पुढे पोलिसांची तपासणी चालू आहे एवढेच सुचवत असेल. किंवा ओळखीची गाडी समजून त्याने नुसता रामराम केला असेल. ब्रिटनमध्ये अनेक चालक हीच खूण 'तुम्ही आधी जा' अशा अर्थाने करतात. तिकडे काही वर्षे गाडी चालवून सुट्टीत गावी आलेल्या माणसाची इथेच फसगत होण्याचा संभव असतो, कारण आपल्याकडे अरुंद पुलाशी किंवा वळणाशी डिपर मिळाला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा नेमका उलटा, म्हणजे 'मी येतो आहे' असा असतो.

म्हणून अर्थ लावत बसण्याआधी वेग कमी करावा. वर सांगितलेल्या पाचही शक्यतांमध्ये ही एकच कृती चुकीची ठरत नाही. आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, मागच्या आरशात एक नजर टाकावी आणि मग ब्रेक लावावा. मागची गाडी अगदी चिकटून येत असेल, तर एकदम ब्रेक दाबण्याऐवजी तो दोन-तीन वेळा हलका दाबावा, म्हणजे मागचे लाल दिवे लागून त्या चालकालाही वेळेत कळते. गाडी डावीकडे ठेवावी, पण डांबराची कड सोडू नये. पावसाळ्यात साइडपट्टी वरून घट्ट दिसली तरी आतून खचलेली असू शकते, आणि दुचाकीचे चाक त्या कडेवरून खाली उतरले की सावरणे अवघड जाते. आपला दिवा अप्परवर असल्यास तो लगेच खाली घ्यावा. दिवा खाली घेतल्यावरही समोरचा डिपर थांबला नाही, तर सूचना पुढच्या धोक्याची आहे असे धरून चालावे.

ताशी 40 किलोमीटर हा घाटात कुणाला वेग वाटत नाही. परंतु या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 11 मीटर जाते, आणि समोरची गाडीही तितक्याच वेगात असेल तर दोघांमधले अंतर सेकंदाला 22 मीटरने कमी होते. वळणापाशी साठ मीटरपर्यंतचेच दिसत असेल, तर हातात तीन सेकंदही नसतात, आणि त्यातला एक-दीड सेकंद समोर काय आहे हे मेंदूला कळण्यातच जातो. दोघांनीही वेग निम्मा केला तर तोच अवधी पाच सेकंदांच्या पुढे जातो.

रस्त्याची रुंदीही ध्यानात असावी. आपल्याकडील एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारण 3.75 मीटर धरलेली असते, तर बस आणि ट्रक यांना अडीच मीटरहून जास्त, 2.6 मीटरपर्यंत रुंदीची परवानगी आहे. तेव्हा एसटी आणि साधी मोटार अशा रस्त्यावर समोरासमोर आल्या की दोन्ही डांबरावर मावत नाहीत, आणि कुणीतरी थांबणे किंवा खाली उतरणे हाच मार्ग उरतो. कुणी थांबायचे याबाबतही नियम आहे. डोंगरी किंवा तीव्र उताराच्या रस्त्यावर दोन गाड्या सुरक्षितपणे जाण्याइतकी जागा नसेल, तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना मागे घसरण्याची भीती असते, हे त्यामागचे सरळ कारण आहे. पुण्याहून ताम्हिणीने माणगावकडे किंवा कराडहून कुंभार्लीने चिपळूणकडे जाणारा घाटात उतरत असतो. म्हणजे कोकणात निघालेल्याने साइड देण्याची तयारी मनाशी ठेवूनच घाटमाथा सोडावा. समोर मोठे वाहन असेल आणि आपल्या मागेच रुंद जागा असेल, तर नियम आपल्या बाजूने असला तरी लहान गाडीने मागे सरकणे शहाणपणाचे असते. मागे घेताना सोबतच्याला खाली उतरवून, त्याला आरशात दिसेल अशा जागी उभे करावे. गाडीच्या थेट मागे कुणालाही उभे करू नये.

उतारावर ही सगळी तयारी गिअरपासून सुरू होते. ज्या गिअरमध्ये तोच घाट चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा जुन्या चालकांचा आडाखा आहे आणि तो आजही उपयोगी पडतो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याच्या हातात, समोरून इशारा मिळाला तरी, एक तापलेला ब्रेक सोडून दुसरे काही नसते.

डिपरपेक्षा हाताची खूण अधिक भरवशाची असते, कारण ती करण्यासाठी माणसाला काच खाली करून हात बाहेर काढावा लागतो. ते कुणी गंमत म्हणून करत नाही. तळहात खाली करून हात सावकाश वरखाली हलवला तर 'हळू घ्या'. तळहात समोर उभा धरला तर 'थांबा'. रोज त्याच घाटातून येजा करणाऱ्या एसटीच्या चालकाने किंवा ट्रकच्या क्लीनरने अशी खूण केली, तर तिच्यावर शंका घेण्याचे कारण नाही. वाहतूक तुरळक असेल आणि मागचे-पुढचे लांबवर दिसत असेल, तर काच खाली करून "दादा, पुढे काय झालंय?" एवढे विचारून घ्यावे. एका वाक्यात मिळणारे उत्तर दहा डिपरांनी मिळत नाही. वळणावर मात्र गप्पांसाठी दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करू नयेत. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

रात्रीचा प्रश्न थोडा निराळा आहे. वळणापलीकडच्या गाडीचा उजेड कातळावर किंवा झाडांवर आधी पडतो, त्यामुळे समोरून कुणीतरी येते आहे हे दिवसापेक्षा लवकर कळते. त्या उजेडाकडे लक्ष ठेवण्याची सवय लावून घ्यावी. उलट, समोरचा दिवा डोळ्यांत आला तर त्याच्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी पाहत वेग उतरवावा. त्याने अप्पर दिला म्हणून आपणही अप्पर देणे म्हणजे एकाऐवजी दोन आंधळे समोरासमोर आणणे होय. समोरचा ट्रक सरळ रस्त्यावर उजवा इंडिकेटर देत असेल, तर तो वळणारच असे गृहीत धरू नये. काही चालक आपल्या गाडीची उजवी कड कुठपर्यंत आहे हे दाखवण्यासाठीही तो लावतात. तो वळो अथवा सरळ जावो, आपण वेग कमी करून डावीकडे राहिलो तर दोन्ही वेळा निभावते.

सर्वांत घातक इशारा धोक्याचा नसून 'या, या' असे बोलावणारा असतो. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर देऊन किंवा हात हलवून पुढे जाण्याची मोकळीक दिली, तरी त्याला दिसणारा रस्ता आपल्याला दिसत नसतो, आणि तो इंडिकेटर 'पुढे जा' असे सांगतो की 'मी स्वतः उजवीकडे वळतो आहे' असे, हे मागून ओळखण्याचा कोणताही उपाय नाही. म्हणून धोक्याचा इशारा न पडताळता मानावा आणि मोकळिकीचा इशारा स्वतःच्या डोळ्यांनी पडताळल्याशिवाय मानू नये.

हे सारे केवळ घाटापुरते नाही. पश्चिम महाराष्ट्रात उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की गावोगावच्या सिंगल रोडवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात. बाहेर आलेल्या उसामुळे त्यांची खरी रुंदी अंधारात समजत नाही, आणि अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. अशा रस्त्यावर रात्री समोरच्याने डिपर दिला, तर पुढे विनादिव्याची ट्रॉली आहे हाच पहिला अंदाज बांधावा. रस्त्यावर मध्येच झाडाच्या ताज्या फांद्या किंवा ओळीने मांडलेले दगड दिसले, तर तीही सूचनाच असते. पुढे थोड्याच अंतरावर बंद पडलेले वाहन असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी फांद्या चुकवून लगेच पुन्हा वेग घेऊ नये.

आंधळ्या वळणाआधी एक लांब हॉर्न द्यावा, गाण्यांचा आवाज कमी करावा आणि काच थोडी खाली ठेवावी, म्हणजे पलीकडून उत्तर आले तर ऐकू येते. उत्तर आलेच, तर वळणाच्या अलीकडे जिथे जागा रुंद असेल तिथे थांबून समोरच्याला येऊ द्यावे.

इशारा खरा ठरला आणि पुढे दरड आलेली दिसली, तर तिच्या जवळ जाऊन, मोबाइल काढून पाहण्याचा मोह आवरावा. पहिल्या दरडीनंतर त्याच जागी आणखी दगडमाती येऊ शकते, म्हणून डोंगराच्या कापलेल्या कडेखाली न थांबता बरेच मागे, दोन्ही बाजूंनी दिसेल अशा सरळ भागात गाडी घ्यावी आणि थांबल्यावर चारही इंडिकेटर लावावेत. चालत्या गाडीला पावसात किंवा धुक्यात ते लावून ठेवण्याची जी पद्धत पडली आहे ती बरी नव्हे, कारण त्यामुळे आपण वळणार आहोत की थांबलो आहोत हेच इतरांना कळत नाही. मदतीसाठी 112 वर, कुणी जखमी असल्यास रुग्णवाहिकेसाठी 108 वर आणि राष्ट्रीय महामार्ग असल्यास 1033 वर फोन करावा; घाटात रेंज सर्वत्र मिळत नाही, त्यामुळे ठिकाण सांगताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा आधीच पाहून ठेवावा.

परत फिरल्यावर इशारा देण्याची पाळी आपली असते. समोरची गाडी वळणात असताना डिपर देऊ नये. ती सरळ भागात आल्यावर, बऱ्याच अंतरावरून, दोनदा थोडक्यात द्यावा आणि दिवसा असल्यास सोबत तळहात खाली करून हातही दाखवावा. धोक्यापासून कित्येक किलोमीटर दूर गेल्यावर डिपर देत राहिल्यास समोरचा थोडा वेळ सावध राहतो, काहीच दिसत नाही म्हणून पुन्हा वेग घेतो आणि नेमका त्या जागी बेसावध पोहोचतो. आपलीच गाडी बंद पडली असेल आणि चाकाखाली दगड लावले असतील, किंवा मागे फांद्या टाकल्या असतील, तर गाडी सुरू झाल्यावर त्या सर्व वस्तू उचलून रस्त्याच्या पूर्ण बाहेर टाकाव्यात. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीच्या पुढच्या चाकाला त्यातला एक दगडही पुरतो.